परक्यांचे पाय

लावणीनं मोडलेली कंबर बायकांनी अजून सरळ केली नव्हती, तोच दिव्यांच्या अवसेच्या उधाणाला खारजमिनीच्या बांधाला खांड पडली आणि खाडीचं पाणी भातात शिरलं. थोडंथोडकं न्हाय, ढोपरभर. वर फेस तरंगत होता आणि खाली हिरवं भात गुदमरत होतं. खारं पाणी तसंच उभं राहिलं की भात पिवळं पडतं, आणि भात पिवळं पडलं की वर्ष गेलं. बांधाचं हे दुखणं गावाला नवं नव्हतं. दर पावसाळ्याआधी सरकारी माणसं यायची, बांधाकडे बघायची, मोबाइलवर फोटो काढायची, चहा प्यायची आणि जायची. बांधाला फोटोची कसली हौस होती देव जाणे. शेवटी हातावर थुंकून चिखलात उतरायचं ते गावानंच.

ओहोटी लागली तसं गाव उतरलं. खांडीच्या तोंडाशी सगळ्यात पुढं येसाजी. साठी कधीच उलटलेली, अंगात साखर, पण खांड बुजवायची म्हटलं की त्याच्या पुढं कुणी उभं राहायचं न्हाय. दगड टाकायचे, फांद्या अंथरायच्या, वर चिखलाचे गोळे थापायचे, आणि हे सगळं पुढची भरती यायच्या आत. पाय अनवाणी. चिखल चपला ठेवून घेतो, आणि बांध म्हणजे देव, देवाच्या डोक्यावर चपला घालून कोण नाचणार?

त्याच्या मागं माणसांची रांग. गोळे हातोहात पुढं जात होते. रांगेत येसाजीची सून क्रांती होती, आणि तिच्या पुढं शेजारची सखुबाई. गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून सांगणारी ही बाई. क्रांतीच्या हातातला गोळा घेताना ती रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दमानं गो बाय. नागावच्या साहेबांचे पाय दाबणारे हात ते. चिखलानं खरबरीत झाले तर साहेब रागावतील."

रांग खुसखुसली.

"साहेबांना तेल लावतेस ना? आमच्या बांधाला पण लाव थोडं," सखुबाई म्हणाली.

क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पुढचा गोळा असा दिला की अर्धा सखुबाईच्या पदरावर.

"पडला काय?" क्रांती म्हणाली. "नाजूक हात ना माझे. निसटतात."

या खेपेला कुणी हसलं न्हाय. क्रांतीनं पुढं येसाजीकडं बघितलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. रांगेत पिकलेली कुजबुज त्याच्या कानावर गेल्याशिवाय राहायची न्हाय, कान शाबूत होते म्हाताऱ्याचे. एक शब्द बोलला असता, 'सखू, गप बस,' एवढंच, तरी क्रांतीला पुरलं असतं. तो वाकला आणि चिखल थापत राहिला.

थापता थापता त्याचा डावा पाय दगडावरून सरकला. दगडाला कालवं चिकटलेली, कडा पात्यासारख्या. त्यानं पाय वर काढला. चिखलातून लाल ओघळ आला. त्यानं बघितलं आणि पाय परत चिखलात रोवला.

"आबा, कालव लागलं. वर या," क्रांती ओरडली.

"कुठं काय लागलंय? दुखत पण न्हाय."

"दुखत न्हाय म्हणूनच सांगते. साखर हाय तुम्हाला."

"तू तुझा गोळा पुढं दे," येसाजी म्हणाला, आणि खांड बुजेपर्यंत वर आला न्हाय.

क्रांती नागावला एका रिसॉर्टात कामाला होती. आधी खोल्या झाडायची, चादरी बदलायची. परक्यांनी लोळवलेल्या चादरी तिनं उचललेल्या घरात चालत होतं. परक्यांचे संडास घासलेलंही चालत होतं. मग एकदा एका म्हाताऱ्या पाहुणीच्या पायात गोळा आला, ती कळवळायला लागली, तेव्हा क्रांतीनं हातातला झाडू टाकला आणि खाली बसून तिचा पाय मोकळा करून दिला. मालकीण सुचिता मॅडम दारातून बघत होती. तिनं क्रांतीला अलिबागला पाठवून रिफ्लेक्सॉलॉजी शिकवली, समुद्राकडं तोंड असलेल्या खोलीत दोन आरामखुर्च्या टाकल्या आणि भिंतीला तळपायाचा मोठा रंगीत तक्ता लावला. अंगठ्यात डोकं, मधे पोट, टाचेच्या बाजूला कंबर. सगळा माणूस तळपायात बसवलेला.

त्या तक्त्यातलं अर्धं क्रांतीला पटायचं, अर्धं पटायचं न्हाय. पण पाय नीट दाबला की माणसाचे खांदे सुटतात, श्वास खोल जातो, तोंड उघडं टाकून तो झोपतो, हे तिला तक्ता नव्हता तेव्हापासून ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासू रंगूनं तिच्या हातात काशाची वाटी ठेवली होती. दिवेलागणीला येसाजी पडवीत पाय पसरायचा आणि क्रांती खोबरेल लावून वाटीनं त्याचे तळवे घासायची. टाचेची भेग न् भेग तिला पाठ होती. 'बास गो,' म्हणेपर्यंत तो घोरायला लागलेला असायचा. शिकली ती त्या पायांवर. रिसॉर्टात तिनं नुसती खुर्ची बदलली होती.

पण पाहुण्यांत पुरुषही असतात, ही बातमी सखुबाईनं घरपोच आणली. त्या संध्याकाळी क्रांती वाटी घेऊन बसली तर येसाजीनं पाय आखडून घेतला.

"आजपासून माझ्या पायाला हात लावायचा न्हाय. परक्या पुरुषांच्या पायाला लागलेला हात घरच्या पायाला नको."

रंगूनं वाटी कोनाड्यात ठेवली आणि आपलीही पुस्ती जोडली. "गौरीची पावलं पण तू काढायची न्हायस आता. सखुबाईची सून रुचिता येईल."

ते जास्त लागलं. विहिरीवरून तेरड्याची गौर घरात येते तेव्हा उंबऱ्यापासून देवापर्यंत तिची पावलं उमटवायची असतात. पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, मुठीची कड जमिनीवर टेकवायची, वर बोटांनी पाच ठिपके द्यायचे. हे काम घरच्या सुनेचं. लग्नानंतर दर वर्षी ते क्रांतीनं केलं होतं. गेल्या वर्षी मात्र रुचिता दारात वाकली होती आणि क्रांती चुलीपाशी भाजी ढवळत होती. भाजी करपली. तिनं मुद्दाम करपवली.

पगाराला मात्र कुणी हात झटकला न्हाय. येसाजीच्या साखरेच्या गोळ्या त्याच पगारातून यायच्या आणि तो त्या निमूट गिळायचा. परक्यांच्या पायांचा वास त्याला गोळ्यांना कधी आला न्हाय.

खांड बुजली. गोड्या पावसानं शेतं धुऊन निघाली, वरच्या अंगाचं भात वाचलं, खालचं गेलं. श्रावण लागला. येसाजी रोज गोणपाट डोक्यावर घेऊन बांधावर जायचा, खेकड्यांची भोकं बुजवायचा, चिंब होऊन यायचा. लंगडत नव्हता. दुखतच नव्हतं तर लंगडणार कसा?

रिसॉर्टात तेव्हा पावसाळी पाहुणे होते. एक जाडशी बाई खुर्चीत रेलली होती आणि मॅडम तिला तक्त्यावर बोट ठेवून समजावत होती, इथं दाबलं की शुगर कंट्रोलमध्ये येते वगैरे. बाईनं क्रांतीला विचारलं, "मग मी गोळ्या बंद केल्या तर चालेल?"

"गोळ्यांचं डॉक्टरला विचारा ताई," क्रांती म्हणाली. "मी पाय दाबते. छान झोप लागेल, अंग हलकं होईल. साखरेचं माझ्या हातात न्हाय."

बाई गेल्यावर मॅडम म्हणाली, "क्रांती, असं तोडून बोलू नये ग. गेस्टना पॉझिटिव्ह वाटलं पाहिजे."

क्रांती टॉवेल गोळा करत राहिली. तिला त्या बाईचे पाय आठवत होते. गुबगुबीत, धुतलेले, नखांना रंग. असल्या पायांना दिवसभर हात लावायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचं, कुठं चिरलंय का, सुजलंय का, आणि ज्या पायाला खरंच कुणीतरी बघायला पाहिजे तो घरी पोत्याखाली दडवलेला. कसला हा न्याय, ती मनात म्हणाली, आणि टॉवेल बादलीत आपटला.

सहाआसनी रिक्षातून उतरून ती घरी आली तर रंगू पडवीचा कोबा पुसत होती. येसाजी नुकताच आत गेला होता. त्याच्या ओल्या पावलांची रांग दारापर्यंत होती. उजवं पाऊल पाण्याचं. डाव्या पावलाच्या बोटांशी पिवळट, चिकट डाग. प्रत्येक डाव्या पावलाला.

"आई, हे काय?"

"चिखल्या झाल्यात," रंगू फडकं फिरवत म्हणाली. "भातात उभं राहून सगळ्यांनाच होतात. हळद-चुना लावलाय."

"चिखल्यांचा असा डाग पडतो? बघू द्या मला."

ती आत गेली. येसाजी चुलीशी पाय शेकत बसला होता, डाव्या पायाला जुन्या धोतराची चिंधी. क्रांती वाकली तसा तो ओरडला, "लांब हो!"

"नुसतं बघते, आबा. हात न्हाय लावत."

"सांगितलं ना एकदा? तुझे ते साहेब बघ."

नवरा सुजित कंपनीत कंत्राटावर होता, पाळी करून आला की भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. क्रांतीनं त्याला हलवून जागं केलं. "तुमच्या बापसाचा पाय सडतोय."

"नेऊ ना रविवारी दवाखान्यात."

"मागच्या रविवारी पण हेच बोललात."

"बापूस न्हाय म्हणतो तर उचलून नेऊ काय? तुझं नि त्याचं काय ते वाकडं हाय, त्यात मला कशाला घेतेस?"

"माझं वाकडं न्हाय. त्याचा पाय वाकडा होईल," क्रांती म्हणाली. सुजितनं डोळे मिटले. या घरात कुणाला काही ऐकायचं नसलं की सगळे असेच डोळे मिटायचे.

रविवारी मोठ्या भरतीची भीती होती, येसाजी बांधावर गेला. आणि मंगळवारी उठलाच न्हाय. अंग तव्यासारखं तापलेलं, दातावर दात वाजत होते. क्रांती कामावर निघाली होती. पडवीतूनच तिला तो वास आला. मेलेल्या मासळीचा वास या किनाऱ्यावर कुणाला नवा नसतो, पण हा मासळीचा नव्हता.

ती आत गेली, पिशवी टाकली, आणि कुणाला न विचारता चिंधी सोडली. येसाजी ग्लानीत होता. हळद-चुन्याचा पापुद्रा चिंधीबरोबर निघाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, खालचा तळवा फुगून तकतकीत, आणि मधल्या भेगेत अजून कालवाची बारीक कपची. इतके दिवस. दिवेलागणीला वाटी फिरवायला बसली असती तर पहिल्याच संध्याकाळी ती कपची तिच्या बोटाला लागली असती! हे कळलं आणि तिला रडू आलं न्हाय, संताप आला. म्हाताऱ्याचा, सासूचा, सखुबाईचा, भिंतीला टेकून झोपणाऱ्या नवऱ्याचा, सगळ्यांचा.

"आई! तुमच्या लेकाला उठवा. रिक्षा बोलावते मी."

रंगूनं पाय बघितला आणि तोंडाला पदर लावला. सुजित उठून आला. येसाजीनं डोळे उघडले. क्रांतीच्या हातात आपला पाय आहे हे त्यानं बघितलं. या वेळी आखडून घेतला न्हाय.

"दवाखाना नको," तो म्हणाला. "आळीतल्या बाळाजीचा तिथं पाय कापला. कुबड्यांवर खेकड्याची भोकं बुजवणार काय मी?"

"मग काय इथंच मरणार?"

येसाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. नजर आढ्याला लावून म्हणाला, "तूच दाब की. तुझ्या त्या जागा असतात ना पायात. साखर उतरते म्हणे. शहरातली माणसं एवढ्या लांबून येतात, ती काय येडी हायत?"

क्रांतीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं न्हाय. पण रंगू कोनाड्याकडं गेली होती. वर्षभर तिथं पडून काळवंडलेली काशाची वाटी तिनं काढली, पदरानं पुसली आणि क्रांतीपुढं धरली.

"कर गो बाय. तुझ्या हाताला गुण हाय. सगळे म्हणतात."

"एकदा करून बघ ना क्रांती," सुजितनंही री ओढली. "तू शिकून आलीस ना त्यातलं?"

क्रांती उठून उभी राहिली.

"वा! हाताला गुण हाय? कालपर्यंत ह्याच हाताला विटाळ होता. ह्या हातानं गौरीची पावलं काढलेली चालत न्हाय, वाटी धरलेली चालत न्हाय, चिंधी सोडून बघितलेली चालत न्हाय. आणि आता दवाखाना चुकवायचा तर तोच हात गुणाचा झाला? मी काय भगत हाय, अंगारा फुंकून बोटं परत आणायला?"

"अगो, हळू बोल, लोकं ऐकतील," रंगू म्हणाली.

"ऐकू देत! ऐका आबा. मी माणसाचा शीण काढते. थकलेला पाय दाबते, दुखरा पाय दाबते. हा पाय दाबायचा न्हाय. हा दाबला तर विष वर चढेल आणि तुम्ही जाल. मी न्हाय लावत हात. मला पाया पडून सांगितलंत तरी न्हाय लावणार."

लग्न झाल्यापासून तिनं येसाजीपुढं असा आवाज चढवला नव्हता.

"वाटी ठेवा ती," क्रांती रंगूला म्हणाली. "आणि तुम्ही, सुजितराव, तिकडनं धरा. डोकं माझ्याकडं."

तिनं नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली होती, आणि तो घाबरून कामाला लागला. दोघांनी म्हाताऱ्याला उचलून रिक्षात घातलं. सखुबाई कुंपणापाशी आली, "काय झालं गो?" म्हणत. क्रांतीनं रिक्षाचा पडदा तिच्या तोंडावर ओढला.

अलिबागच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टर तरुण होता, शांतपणे म्हणाला, "लवकर आणलं असतंत तर बोटंही राहिली असती. घरात कुणी पाय बघत नाही का यांचा रोज?" सुजितनं खाली बघितलं. रंगूनं खाली बघितलं. येसाजी पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून पडला होता. क्रांतीनं काही सांगितलं न्हाय. सांगायचं होतं, जिभेवर आलं होतं. घरची अब्रू म्हणून गिळलं, आणि मग आठवडाभर त्याचीच चीड येत राहिली.

घरी आणल्यावर रोज सकाळी पट्टी बदलायची होती. नर्सनं क्रांतीलाच दाखवून दिलं होतं. रंगूचे हात कापायचे, सुजितला जखम बघितली की घेरी यायची. पहिल्या सकाळी क्रांती गरम पाणी, कापूस, मलम घेऊन बसली. येसाजीनं पाय पुढं केला आणि म्हणाला, "दार लाव."

"कशाला? उजेड कमी होईल."

"लाव म्हणतो ना."

तिनं दार लावलं. कळलं होतं तिला. सखुबाईच्या ओट्यावरून आतलं सरळ दिसायचं. बल्बच्या उजेडात तिनं जखम धुतली, मलम लावलं, पट्टी गुंडाळली. तो आढ्यातल्या जाळ्यांकडं बघत राहिला. झाल्यावर म्हणाला, "आता उघड."

असं रोज. रिसॉर्टात दारं-खिडक्या उघड्या टाकून समुद्राच्या वाऱ्यात ती परक्यांचे पाय दाबायची, ते 'थँक्यू' म्हणायचे, कुणी हात जोडायचे. आणि घरच्या माणसाचा पाय चोरी केल्यासारखा, दार लावून. शिवाय विहिरीवर तिच्या कानावर आलं की रंगू सगळ्यांना सांगते, पट्टी मीच करते हो, सून सकाळीच जाते कामाला, तिला कुठला वेळ? सुंभ जळाला, दोन बोटं गेली, पण पीळ तसाच. क्रांतीनं घागर भरली आणि घरापर्यंत एकटीच शिव्या देत आली.

गणपती बसले. मग गौरीचा दिवस आला. नागाव पाहुण्यांनी फुललं होतं, मॅडमनं दुपारनंतर तरी ये म्हणून तीनदा फोन केला होता. क्रांती सकाळी उठली, सडा घातला, पुरणाची डाळ शिजायला टाकली. मग पट्टीचं सामान घेतलं आणि येसाजीपाशी गेली. तो पडवीत बाजेवर बसला होता.

"आत चल," तो म्हणाला.

"इथंच."

"आत चल, दार लाव."

"न्हाय लावणार. आजपासून दार उघडं."

"सणाच्या दिवशी तमाशा करतेस?"

"तमाशा तुम्ही रोज करता, दार लावून. मी चोरी न्हाय करत, आबा. पाय धुते तुमचा."

येसाजीनं पाय मागं ओढला. "मग राहू दे पट्टी. सुजितची आईस करील."

"करू देत," क्रांती म्हणाली. सामानाचा डबा तिनं त्याच्या बाजेच्या पायाशी ठेवला. "दार उघडं चालेल तेव्हा हाक मारा."

आणि ती चुलीपाशी गेली. तिनं पोळी लाटायला घेतली, पण लक्ष पडवीकडं. पट्टी आज बदलली न्हाय तर? जखमेला माशा बसल्या तर? पाय वाचवला तो आपणच आणि आता हट्टापायी घालवणार काय? दोनदा ती उठली, दोनदा खाली बसली. लाटणं आपटून म्हणाली, "न्हाय म्हणजे न्हाय."

दुपार व्हायच्या आत विहिरीकडून बायकांची गाणी ऐकू आली. सखुबाईच्या हातात सूप, सुपात तेरड्याची गौर, मुळांना अजून पाणी ठिबकत होतं. मागं आळीतल्या बायका, आणि बाजूला रुचिता, हातात कालवलेल्या पिठाची वाटी घेऊन. रंगू हळद-कुंकवाचं ताट घेऊन दारात उभी राहिली. येसाजीनं पायावर चादर ओढून घेतली.

रुचिता पदर खोचून उंबऱ्याशी वाकणार, तेवढ्यात क्रांती आतून आली. हात स्वच्छ धुतलेले, पाणी अजून कोपरांवरून गळत होतं. तिनं रुचिताच्या हातातली वाटी घेतली.

"दे गो. घर माझं हाय."

रुचितानं दिली. तिला बिचारीला कसलाच मान नको होता, सासू पाठवायची म्हणून यायची.

"हां, हां, क्रांती!" सखुबाई म्हणाली. "तू न्हाय. सणाला तरी विचार कर. कसल्या कसल्या माणसांच्या पायांना लागतात तुझे हात. गौर कशी येईल त्या पावलांवरून?"

"रुचिता काढू दे," रंगू पुटपुटली.

"मी काढणार," क्रांती म्हणाली. "न्हायतर गौर दारातच उभी राहील. मला घाई न्हाय."

सुपातलं पाणी उंबऱ्यावर टपटपत होतं. सखुबाईचे हात भरून आले असावेत, तिनं सूप कमरेवर टेकवलं आणि पडवीकडं तोंड केलं.

"येसाजी, तू बस तोंडात मिठाची गुळणी धरून! घरातला मोठा ना तू? सांग तुझ्या सुनेला."

सगळ्या बायका येसाजीकडं बघायला लागल्या. क्रांतीनंही बघितलं. बांधावरची रांग तिला आठवली, तो वाकलेला, चिखल थापणारा. आता पण तसाच वाकेल, तिला वाटलं. आता चादर नीट करील, नारळीकडं बघत बसेल. बसू दे. पावलं मी काढणारच.

येसाजीनं चादर बाजूला फेकली. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेच्या कडेवर ठेवला, सगळ्या बायकांसमोर, तीन बोटांचा, मळक्या पट्टीतला पाय.

"क्रांती," तो खेकसला. "पट्टी सैल झालेय. बांध."

"अहो, मी बांधते ना, आत चला," रंगू ताट घेऊन लगबगीनं वळली.

"तू कधी बांधलेस?" येसाजी म्हणाला. "रोज तीच बांधते. दार लावून बांधते. मीच सांगतो दार लाव म्हणून." मग सखुबाईकडं बघून ओरडला, "बघ, नीट बघ! तुझ्याच ओट्यावरून दिसत नव्हतं ना? बघ आता."

रंगूच्या ताटातलं कुंकू कलंडलं. क्रांतीचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी राग पण आला. एवढंच बोलायचं होतं ना? मग बोटं जायची वाट कशाला बघितली?

"बांध म्हणतो ना," येसाजी परत म्हणाला. या वेळी आवाज खाली आला होता.

"थांबा," क्रांती म्हणाली. "माझे हात कामात हायत."

तिनं मूठ पिठात बुडवली आणि उंबऱ्यावर पहिलं पाऊल उमटवलं. बोटांनी वर पाच ठिपके दिले. मग मान वर करून रीतीप्रमाणं विचारलं, "बोला सखुमावशी. गौर कशाच्या पावलांनी आली?"

सखुबाईनं इकडं तिकडं बघितलं. बायका वाट बघत होत्या. तिनं सूप उचललं.

"सोन्यारुप्याच्या पावलांनी आली," ती म्हणाली.

क्रांती एक एक पाऊल उमटवत आत सरकत गेली, पडवी, माजघर, देवापर्यंत, कसलीही घाई न करता, आणि बायका तिच्या मागून आत गेल्या. बाहेर येसाजी एकटा राहिला. पायावर माशा यायला लागल्या. तो हातानं त्या हाकलत बसला, पण पाय काही आत घेतला न्हाय.